दिसतंय तवर घड्याळ चालू

उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात विमानातलं माझ्याइतकं कळणारा दुसरा रिक्षावाला दाखवा, मिशी उतरून देतो. म्हंजे उरलेली अर्धी, कारण एक बाजू विमानाच्या पंख्यानं आधीच उतरवली हुती, मी विमान तोंडाकडनं धरायचं का शेपटाकडनं तेच विसरलतो.

मी सर्जेराव. राजारामपुरीत रिक्षा चालवतो. शाळा चौथीपतूर, पण चौथीत तीन वर्सं काढली, म्हंजे सातवी धरायला हरकत न्हाय. आता ही गोष्ट माझी न्हाय, आमच्या गल्लीतल्या नाना तोडकरांची हाय. मी मधी मधी येणार, पण ते पडाय न्हाईतर शिव्या खायाला.

नाना बोलताना माणसाच्या तोंडाकडं बघत न्हाईत. ते बघतात तुमच्या टाळूच्या वर दोन-तीन हात. नवा माणूस बिचकतो. त्याला वाटतं आपल्या डोस्क्यावर कावळा बसलाय. बोलता बोलता नाना मधीच बोट जिभंला लावतात, वर धरतात आणि म्हणतात, "गप ऱ्हा जरा. हवा बोलालीया." मग तुम्ही कितीबी मोठं असा, गप बसायचं. एकदा इलेक्शनचा उमेदवार मतं मागाय दारात आलता. हात जोडून हुबा. नानांनी बोट वर केलं. त्याला वाटलं, म्हातारा एक नंबरचं बटण दाबणार म्हणतोय. खूश हून गेला. नाना मागनं मला म्हणाले, "कोण हुता रं त्यो? वारं आडवून हुबा ऱ्हायलाता."

माझ्या मेव्हण्याच्या लग्नात तर कहर. शुभमंगल झालं, समद्या मांडवानं अक्षता टाकल्या. नाना एकटेच मूठ डोळ्यापुढं धरून चार चार दाणं सोडत बसले, आणि ते कुठं पडत्यात ते बघालेत.

म्हटलं, "नाना, नवरा-नवरी तिकडं हाईत."

"त्यांचं व्हतंय रं. मांडव उगवतीकडनं उचलणार हाय. दोऱ्या आवळाय सांग."

आम्ही हसलो. जेवणाची पंगत बसली आणि मांडवाचं उगवतीचं अंग उचाललं की! बांबू सुटला आणि जो सगळ्यात मोठ्यांदा हसलाता त्याच्या टाळूवर पडला. लग्नाच्या फोटोत नवऱ्याला मुंडावळ्या हाईत आणि मला पट्टी.

तर हे असं का, तर नाना विमानं उडवतात. खेळण्यातली न्हवं. पाच फूट पंख. वजन म्हणाल तर दोन भाकरी आणि वर खर्डा, बास. नानांचं आयुष्य गेलं पंख्याच्या मोटरी भरण्यात. सीलिंग फॅन, टेबल फॅन, काय जळलं असंल ते घेऊन या, तांब्याची तार गुंडाळून परत चालू. दुकान आता बंद केलं, वय एकाहत्तर. पण विमान चाळीस वर्सं झाली चालूच. नाना म्हणतात, "पंखा म्हंजे नोकरीला लागलेलं विमान. जागच्या जागी फिरतंय बिचारं."

आणि रिमोट-बिमोट काय न्हाय बरं का. रिमोटचं नाव काढलं की नाना तोंड वाकडं करतात. "कुत्र्याला साखळी लावून फिरवल्यागत त्ये. विमान सोडलं म्हंजे सोडलं." विमानाच्या पोटात रबराच्या पट्ट्या असतात. त्या हाताच्या ड्रिलनं पीळ देऊन देऊन भरायच्या. सोडलं की पीळ उलगडतोय, पंखा फिरतोय, विमान वर. पीळ संपला की पुढं हवंची मर्जी. उन्हानं तापलेली हवा जमिनीपास्न सुटून वर जाती, तिला नाना "उफाळा" म्हणतात. उफाळा घावला तर विमान घारीगत वर वर चढतंय. न्हाई घावला तर माझ्यागत. दोन मिनटात खाली.

हा उफाळा नानांच्या डोस्क्यात असा बसलाय की आमच्या गल्लीतले एक म्हातारे वारले, आम्ही समदी रडवेल्या तोंडानं मसणात हुबी, आणि नाना धुराकडं बघत म्हणाले, "काय सरळ चाललाय बघ. नशीबवान माणूस. जाताना बी उफाळा गाठला." म्हाताऱ्याच्या थोरल्या पोरानं हे ऐकलं, आणि खरं सांगतो, त्येला बरं वाटलं.

ह्या सगळ्यात माझं काम काय? पळायचं. सोडलेलं विमान आपणहून माघारी येत न्हाय, त्याला आणाय जावं लागतंय. ऊस असो, वढा असो, कुत्री असोत. गेली वीस वर्सं मी पळतोय आणि तरी पोट हाय तितकंच हाय, ह्यो एक शास्त्राला प्रश्न हाय.

दुसरं काम, सामान आणायचं. रबराच्या पट्टीला एरंडेल तेल चोळावं लागतंय, न्हाईतर पीळ देताना तुटती. फेब्रुवारीत स्पर्धेची तयारी सुरू झाली की मी मेडिकलमध्ये जायचं आणि एरंडेलाच्या चार बाटल्या मागायच्या. दुकानदार पयल्या वर्षी काय बोलला न्हाय. दुसऱ्या वर्षी म्हणाला, "डॉक्टरला दाखवा, पावणं." तिसऱ्या वर्षापास्न मी दारात दिसलो की आतल्या गिऱ्हाईकांस्नी म्हणतोय, "ह्यास्नी आधी सोडा."

तिसरं काम उदबत्तीचं, आणि ते मी असं केलं की त्याचं नाव निघालं की नाना आजबी कपाळाला हात लावतात. त्याचं असं हाय. उफाळा जोरात असला तर विमान वरच्या वर कर्नाटकात जायचं. म्हणून शेपटीला दोरा बांधायचा आणि दोऱ्याला उदबत्तीचा तुकडा पेटवून लावायचा. उदबत्ती जळत जळत दोऱ्यापाशी आली की दोरा तुटतोय, शेपूट वर उडतंय आणि विमान हळूहळू खाली येतंय. तीन मिनटाला केवढी, पाच मिनटाला केवढी, नानांनी फूटपट्टीवर खुणा करून ठेवल्यात. अंगठ्याएवढी उदबत्ती म्हंजे घड्याळच. एका साली नानांची उदबत्ती संपली. मला धाडलं. मी म्हटलं, नाना देवमाणूस, साधी कशाला न्यायची? चांगली जाड, यात्रेत लावतात तसली, शेरभर वासाची आणली. ती जळाय लागली ती जळंचना. विमान गेलं ते गेलंच. आठ दिवस मी वारणंच्या काठानं गावोगाव विचारत फिरलो. शेवटी एका वस्तीवर घावलं. फणसाच्या झाडात आडकल्यालं. खाली पाट, पाटावर नारळ, पंखाला हळदी-कुंकू. म्हातारी बाई म्हणाली, "वरनं उतरलंय बाबा, उदबत्ती घिऊनच आलंय. तवापास्न म्हस दूध चांगलं देती." मला विमान द्यायला ती तयारच हुईना. शेवटी नाना आले, पाया पडले, ओटी भरली आणि विमान मागून घेतलं. येताना रिक्षात म्हणाले, "सर्ज्या, तुझ्या हातनं देव घडतोय, पण उदबत्ती आणायचं घडंना."

विमान रिक्षातनं न्यायचं म्हंजे आणखी एक तमाशा. पंख दोन्हीकडनं बाहेर. नाना मागं मांडीवर विमान घिऊन लेकुरवाळ्या बाईगत बसणार. एकदा चौकात ट्रॅफिक हवालदारानं शिट्टी मारली.

"काय हे?"

"विमान."

"लायसन?"

"रिक्षाचं हाय. विमानाचं न्हाय."

हवालदारानं पंखाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मागं लागलेल्या गाड्यांच्या रांगेकडं बघितलं. म्हणाला, "मग वरनं जावा की! रस्त्यानं कशाला निघालाय?"

आता काकी. नानांच्या मंडळी. दोन खोल्यांच्या घरात अकरा विमानं. कॉटच्या वर चार, स्वयंपाकघरात शिंकाळ्यागत टांगल्याली तीन, बाकीची जिथं जागा घावंल तिथं. गणपती बसवताना गणपतीच्या डोस्क्यावर पंख येतोय म्हणून मूर्ती दरसाली बसक्या अंगाची आणायची. काकी म्हणतात, "लोकांच्या घरात डास हुतात, आमच्यात विमानं झाल्यात."

सहा वर्सांमागं एकदा पंखाला डकवायची खळ काकींनी पिठलं समजून चुलीवर चढवली, आणि त्यावरनं लई मोठं भांडण झालं. नाना तावातावानं म्हणाले, "ज्या दिवशी स्पर्धेत हरीन, त्या दिवशी समदी विमानं माळ्यावर. परत हात लावणार न्हाय. तोडकराचा शब्द हाय."

काकींनी त्याच सांजंला माळा रिकामा केला. मोठी पातेली, परात, लग्नातला बंब, समदं खाली आणून ठेवलं. घरात चालायला जागा न्हाय, माळा मातर मोकळा. आणि नाना दरसाली ढाल घिऊन घरी! सलग चौदा वर्सं नानाच. काकी दारात ओवाळायच्या, पण निरांजन असं गरागरा फिरवायच्या की नाना एक पाऊल मागंच हुबं ऱ्हायचे.

आता जिंकण्यातलं खरं सांगायचं तर, ह्या असल्या विमानांची स्पर्धा करणारी माणसं हाताच्या बोटावर मोजायची, आणि दरसाली एक बोट कमी. नव्या पोरांस्नी रिमोट पायजे, ड्रोन पायजे. आमच्यात एक दाताचे डॉक्टर हाईत, त्यांचं विमान दरवर्षी बाभळीतच जातंय. इचलकरंजीचं एक भाऊ-भाऊ हाईत, ते विमानापरास एकमेकाच्या अंगावर जास्त जातात. राहता राहिले नाना. ढाल घेताना मी शिट्ट्या मारायचो, नाना मातर कुणीकडं तरी वरच बघत असायचे.

तर यंदाची गोष्ट. वारणानगरच्या पलीकडं एक मोठा माळ हाय, तिथं स्पर्धा असती. ऊस तुटल्याला, चारी बाजूनं मोकळं रान. सकाळी सातला आम्ही पोचलो तर एक पोरगी आमच्या आधी हजर. सायकल, सायकलच्या कॅरेजला केळ्याचा खोका बांधलाय, खोक्यात विमान.

मी कमरंवर हात ठेवून म्हटलं, "बाई, बघायची माणसं त्या दोरीच्या पलीकडं."

"मी उडवायला आलोय, मामा." गडहिंग्लजकडच्या पोरी अशाच बोलतात, आलो, गेलो. "तुम्ही उडवतासा?"

"मी पळतो."

"मग बूट नीट बांधा."

तिचं नाव तेजू. वारणानगरला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग शिकती. विमान करायचं मोबाईलवर बघून बघून शिकल्याली. नानांपाशी आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "अज्जा, तुमचं नाव लई ऐकलोय."

अज्जा म्हंजे आजोबा. तिकडं हद्दीवर कानडी चालती, तसलं बोलणं. नानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी कुणाचा अज्जा न्हाय. स्पर्धक हाय मी."

"बरं," पोरगी म्हणाली, "स्पर्धक अज्जा."

दोन फेऱ्या झाल्या. डॉक्टर बाभळीत गेले. भाऊ-भावात पीळ कुणी द्यायचा ह्यावरनं वाजलं आणि दोघंबी घरी गेले. उरले नाना आणि पोरगी. शेवटची फेरी मोकळी असती. उदबत्ती न्हाय, काय न्हाय. ज्याचं विमान जास्त येळ वर, त्याची ढाल. पंच म्हणून सुतार सर. पीटीचे रिटायर मास्तर. त्यांनी घड्याळ गळ्यात आडकवून नियम सांगितला, "विमान दिसतंय तवर घड्याळ चालू. मला दिसायचं बंद झालं की घड्याळ बंद. नंतर कटकट न्हाय."

पयले नाना. खिशातनं रुईच्या बोंडातल्या म्हाताऱ्या काढल्या, त्या पांढऱ्या कापसागत उडतात त्या, एकेक सोडाय लागले. पयली गेली आडवी. दुसरी गेली आडवी. तिसरी जरा हुबी ऱ्हायली, गरकन फिरली आणि वर चालली. "हवा बोलली," नाना म्हणाले आणि हातातनं विमान असं सोडलं, जसं कुणी पाखरू सोडतंय. वर, वर, आणि वर. सहा मिनटं चाळीस सेकंद! गेल्या कित्येक सालात असं झालं न्हवतं. मी नाचलो. नाचता नाचता एरंडेलाच्या बाटलीवर पाय पडला आणि आडवा झालो, तसाच पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या. मग उठून पळालो आणि विमान घिऊन आलो.

मग पोरीची पाळी. तिनं पीळ दिला, विमान उचललं आणि चालाय लागली. माळाच्या कडंला. पलीकडं एका शेतकऱ्यानं उसाचं पाचट जाळलंतं, समदं रान काळं ठिक्कर. तिथं जाऊन हुबी ऱ्हायली. आभाळाकडं बघंना, बोट ओलं करंना, नुसती त्या काळ्या रानाकडं बघत हुबी.

मी नानांस्नी म्हटलं, "वाट चुकली काय पोरगी?"

बघितलं तर त्यांची मान पयल्यांदाच खाली. वर न्हाय, त्या पोरीकडं बघालेत. एक मिनिट गेलं. दोन गेली. सुतार सर घड्याळ बघाय लागले. काळ्या रानातनं राखेचं एक कागदागत पापुद्र्याचं पान सुटलं, गिरक्या घेत वर निघालं. आणि नाना तोंडातल्या तोंडात म्हणाले, "आत्ता. आत्ता सोड, बाय."

आणि तिकडं लांब, हिकडचं एक अक्षर ऐकू जायचं कारण न्हाय, पोरीनं त्याच येळंला विमान सोडलं.

काय सांगू! असं चढलं, असं चढलं, जसं वरनं कुणी दोरी लावून वढालंय. तीन मिनटं झाली. चार. पाच. विमान म्हंजे मोहरी झाली, मोहरीची खसखस झाली. पलीकडं गुऱ्हाळाचा धूर आभाळात पसरलाता, त्यात ते शिरलं.

मी तर केव्हापास्नच वरडालोय, "गेलं! गेलं! बंद करा घड्याळ!"

सहा मिनटं वीस सेकंद झाली तवा सुतार सरांनी बी डोळं चोळलं. "मलाबी दिसंना झालंय. थांबवू?"

आता बघा. तिथं आमच्याशिवाय कोण न्हवतं. नाना नुसतं गप बसले असते तरी बास हुतं. ढाल घरात, विमानं कॉटवर, शब्द जागच्या जागी. खोटं बोलायची गरज न्हाय, काय करायची गरज न्हाय. नुसतं गप बसायचं. मी नानांच्या दंडाला हळूच चिमटाबी काढला.

"कोण म्हणतंय दिसंना?" नाना वरडले. "कुठं बघतासा मास्तर? तिकडं न्हवं. हिकडं." असं म्हणून सुतार सरांची हनुवटी धरली आणि न्हाव्यागत त्यांचं मुंडकं फिरवलं. "तो धूर दोन फाट्याचा झालाय बघा. त्याच्या डाव्या अंगाला. घार हाय, घारीच्या जरा खाली. चमाकलं, बघा."

"व्हय की!" सुतार सर म्हणाले. "दिसलं, दिसलं!"

"मग नजर काढू नका त्याच्यावरनं."

सहा तीस. सहा चाळीस. सहा एक्केचाळीस. नाना मोठमोठ्यानं सेकंद मोजाय लागले. आपल्याच गळ्याची दोरी आपणच आवळाय लागलेला माणूस मी पयल्यांदाच बघितला, आणि तोबी असा तालात. सात मिनटं बारा सेकंदाला विमान खरंच दिसायचं बंद झालं. नानांनीच सांगितलं, "आता गेलं. आता बंद करा."

पोरीला काय कळंना, हसायचं का कसं. नाना तरातरा तिच्याकडं गेले. मी मागं. म्हटलं आता म्हातारा रडतोय का काय.

"काळ्या रानाकडं का गेलीस?" नानांनी विचारलं.

"काळं रान आधी तापतंय की, अज्जा."

"कोण सांगितलं?"

"कोण न्हाय. मी रोज सायकलवरनं तिकडनं जातो. तिथं आलं की पायाला गरम हवा लागती. म्हटलं, गरम हाय म्हंजे वर जात असणार."

नाना खाली उकिडवे बसले. पोरगीबी बसली. नानांनी काटकीनं मातीत काय तरी काढलं. तिनं त्यातलं अर्धं पुसून दुसरं काढलं. नाना म्हणाले, "हॅट!" ती म्हणाली, "बघा की मग!" नानांनी परत काढलं. आणि मधीच मान वर न करता म्हणाले, "सर्ज्या, पळ. पोरीचं विमान आण."

मी पळालो. दोन कोस. एका वढ्यात पडलो, दोन कुत्र्यांनी पोचवाय आल्यागत गावच्या वेशीपतूर साथ दिली. विमान एका शेळीच्या पुढ्यात पडलंतं, शेळीनं अजून चव बघायची हुती. घिऊन माघारी आलो तर ऊन डोस्क्यावर आलेलं आणि ही दोघं तिथंच. ढाल बाभळीखाली तशीच पडल्याली. सुतार सर कट्टाळून तिच्यावर डबा ठेवून जेवालेत. मी म्हटलं, "आणलं बरं का विमान!" कुणी बघितलंबी न्हाय.

येताना रिक्षात मला भडभडून आलं. म्हटलं, "नाना, मी इतकं वरडत हुतो, गेलं गेलं म्हणून. तुमच्यासाठीच हो."

"तू दोन मिनटापास्न वरडालतास."

"मला खरंच दिसत न्हवतं."

"मग तुझ्या डोळ्यानं जिंकायचं व्हय रं मी?" नाना म्हणाले.

दारात काकी निरांजन घिऊन हुब्या. नानांनी चप्पल काढली आणि म्हणाले, "विझव ते. हरलो. माळा मोकळा हाय नव्हं?"

काकी बघतच ऱ्हायल्या. सहा वर्सं ह्या दिवसाची वाट बघितल्याली बाई. तिनं खरं तर गल्लीत पेढे वाटायचे. पण तिनं निरांजन खाली ठेवलं आणि म्हणाली, "आधी हातपाय धुवा. विमानं काय, उद्याबी ठेवता येतील."

"उद्या न्हाय. शब्द दिलाय," नाना म्हणाले. स्टूल ओढलं. कॉटवरचं पयलं विमान उतरवलं, सगळ्यात जुनं, काकींच्या लग्नातल्या शालूच्या खोक्याचा पुठ्ठा लावल्यालं. ते काखंत घेतलं आणि स्टुलावर एक पाय ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला.

"कोण? बोल पोरी." नाना फोनवर असं वरडतात जसं वारणानगरपतूर आवाज आपल्यालाच पोचवायचाय. "रबर? किती पट्ट्या घालतीस तू? चौदा? अगं वेडी का खुळी! ऐक आता..."

एक पाय स्टुलावर, काखंत विमान, आणि म्हातारा बोलाय लागला. काय बोलला म्हणाल तर शेपटीचा तिरपा किती, पहाटंचं वारं कसं, काळ्या रानात आधी का तांबड्या. मधीच थांबायचा, तिकडनं ती काय तरी म्हणायची आणि म्हातारा खदाखदा हसायचा. एकदा तर म्हणाला, "हे मला चाळीस वर्सं वाटतंय गं, पण मी म्हटलं, आपलंच डोस्कं फिरलंय." शेवटी म्हणाला, "आयतवारी ये. आता माळ्यावर टाकणार हाय मी समदी, पण आयतवारपतूर ठेवतो खाली. बघून जा."

मी आणि काकी दारात हुबं. काकींनी खालचा बंब उचलला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "चढव माळ्यावर."

मी चढवला. मग परात चढवली. मग मोठी पातेली, एकात एक. माळा गच्च भरला. तवा काकी आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माळ्यावर जागा न्हाय बरं का! विमानं कुठं ठेवायची ती तुमची तुम्ही बघा."

आतनं नुसतं हसणं आलं. फोन चालूच हुता.

काकी पायरीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं. "लगीन हून पंचेचाळीस वर्सं झाली. ह्यास्नी असं बोलताना ऐकलं न्हवतं मी. ह्या बाबतीत बोलाय ह्यास्नी माणूसच न्हवतं बघ."

मी मान हलवली. पण खरं सांगतो, मला जरा लागलं. म्हटलं, "असं कसं म्हणतासा काकी? वीस वर्सं झाली, रोज संध्याकाळी माझ्याशीच बोलत हुते की. तास तास. मी हुतोच की."

काकींनी माझ्याकडं बघितलं. नीट, सरळ तोंडाकडं.

"तू? अरं, त्यापरास भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान कळल्यागत मान तरी हलवत न्हाय."